खोटी पोचपावती

व्हॉट्सॅपवरच्या खुणांचा अर्थ शाळेतलं पोरही सांगेल. एक राखाडी, दोन राखाडी, दोन निळ्या. त्यावरून मैत्र्या तुटतात. ई-मेललाही अशी एक खूण आहे. ती व्हॉट्सॅपच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसणार, कारण ती माणसांना दिसावी म्हणून केलेलीच नाही. दोन सर्व्हर ती एकमेकांना देतात. ती खूण म्हणजे एक आकडा: २५०.

मला या आकड्यावरून भांडायचं आहे. ज्या मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात आपल्या टपालपेट्या आहेत, त्या हा आकडा रोज खोटा देतात, असं माझं म्हणणं आहे. आणि हा खोटेपणा खपून जातो, कारण सर्व्हरवरून पत्र बाहेर कसं पडतं हे माहीत असलेली माणसंच आपण कमी करत आणली आहेत. ‘स्वतःचा मेल सर्व्हर? वेडा आहेस का?’ हे मी इतक्या हुशार माणसांच्या तोंडून ऐकलंय, की आता कोणी मेल म्हटलं की पुढचं वाक्य मीच पुरं करतो.

आधी पत्र जातं कसं ते पाहू, कारण भांडण सगळं तिथेच आहे.

एक सर्व्हर दुसऱ्याचं दार वाजवतो. दाराचा नंबर २५, म्हणजे पोर्ट पंचवीस. समोरचा म्हणतो २२०, बोला. पहिला म्हणतो ‘हेलो’ आणि आपलं नाव सांगतो. या हेलोच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक एल गाळलेला असतो, कारण त्या काळी सगळे हुकूम चार-चार अक्षरांचे ठेवले होते. मग ‘मेल फ्रॉम’, पत्र कोणाकडून. मग ‘आरसीपीटी टू’, पत्र कोणाला. मग ‘डेटा’, आणि त्यामागून अख्खं पत्र. पत्र संपलं हे कळावं म्हणून शेवटी एका ओळीवर एकटाच ठिपका. तो ठिपका पडला की समोरचा तीनआकडी उत्तर देतो. पहिला आकडा ४ असेल तर ‘आत्ता नाही, थोड्या वेळानं या’. ५ असेल तर ‘घेत नाही, परत घेऊन जा’. आणि २५० म्हणजे ‘मिळालं’.

बस्स, एवढंच. सगळं साध्या मजकुरात. मी स्वतः टेलनेट लावून, हे हुकूम हातानं टाइप करून पत्रं पाठवली आहेत, आणि शेवटचा ठिपका टाकून एंटर मारल्यावर २५० उमटताना पाहण्यात जी मजा होती ती मला पुढे कुठल्याच ॲपमध्ये आली नाही.

हे नियम जॉन पोस्टेल या माणसानं ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. (आडनाव पोस्टेल हा निव्वळ योगायोग.) सुधारून वाढवलेली आवृत्ती २००८ ची आहे. कागदपत्र रुक्ष आहे, पण त्यात एक गोष्ट आहे जी मला जवळजवळ नैतिक वाटते. ज्या सर्व्हरनं ठिपक्यानंतर २५० म्हटलं, त्यानं त्या पत्राची जबाबदारी घेतली. आता ते पोचवायचं, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. नंतर यंत्र बंद पडलं, डिस्कवरची जागा संपली, अशा फुटकळ सबबींवर पत्र हरवता कामा नये. पाठवणाऱ्याचा सर्व्हर २५० मिळेपर्यंत पत्राची प्रत जपून ठेवतो. ४ नं सुरू होणारं उत्तर आलं तर पुन्हा पुन्हा जातो. पोस्टफिक्स नावाचा सर्व्हर तुम्ही काही वेगळं सांगितलं नाहीत तर पाच दिवस खेटे घालतो. २५० ऐकलं की मात्र तो आपली प्रत पुसून टाकतो. समोरच्याच्या शब्दावर विसंबून.

आता त्या शब्दाची किंमत काय उरली आहे ते सांगतो.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळतो. महिना काही शे रुपये भाड्याचं छोटंसं यंत्र, त्यावर पुस्तकांची यादी, सभासदांची नोंद, आणि महिन्याचं एक पत्रक. सभासद साडेसहाशेच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेची सूचना या सर्व्हरवरून गेली. विषयपत्रिकेत एक विषय असा होता, की बालविभागाची खोली एका क्लासला भाड्यानं द्यायची का. सूचना नियमाप्रमाणे फळ्यावरही लागली होती, पण जे आता गावाच्या दुसऱ्या टोकाला किंवा पुण्याला राहतात ते फळा बघायला येत नाहीत. त्यांच्यासाठीच तर ई-मेल. सभा झाली, विषय नऊ मतांनी मंजूर झाला, खोली गेली. पुढच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका तरातरा आल्या. बालविभागाची पहिली दोनशे पुस्तकं त्यांनी दिलेली. “तुम्ही मुद्दामच कळवलं नाही,” म्हणाल्या.

मी लॉग काढला. युनिक्सच्या सर्व्हरवर मेलचा लॉग असतो. सरकारी कचेरीतल्या जावक नोंदवहीसारखाच, फक्त यात खाडाखोड होत नाही. त्यात त्यांच्या पत्त्यापुढे तारीख, वेळ, सेकंद, आणि समोरच्या सर्व्हरचं उत्तर: २५०, ओके. मी ती ओळ त्यांना दाखवली. त्यांनी मला त्यांचा फोन दाखवला. इनबॉक्समध्ये काही नव्हतं. स्पॅमच्या फोल्डरात, स्वस्त कर्ज आणि लॉटरीच्या मधोमध, आमची सूचना पडली होती. नंतर विचारत गेलो तेव्हा अशी चौतीस माणसं निघाली. सगळ्यांची पेटी एकाच मोठ्या कंपनीकडे, सगळ्यांच्या नावापुढे आमच्या वहीत २५०.

बाई खोटं बोलत नव्हत्या, मीही नव्हतो. खोटं बोलणारा तिसरा होता, आणि त्याला जाब विचारायला पत्ता नव्हता.

इथे जाणकार वाचक विचारणार: सेटिंग नीट होती का? होती. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा तपशिलात जातो. मेल सर्व्हर ही काहीतरी अघोरी विद्या आहे, ही जी समजूत पसरवली गेली आहे तीही त्यानं जराशी उतरेल.

डेबियनच्या यंत्रावर पोस्टफिक्स बसवायला एक हुकूम लागतो. बसवताना तो विचारतो, की हे यंत्र स्वतः इंटरनेटवर पत्रं पाठवणार, दुसऱ्याच्या हातून पाठवणार, की फक्त घरातल्या घरात. नंतर ‘मेन डॉट सीएफ’ नावाची एक फाइल. त्यात यंत्राचं पूर्ण नाव लिहायचं. ‘मायनेटवर्क्स’ या ओळीत, कोणाची पत्रं विनाचौकशी पुढे न्यायची ते लिहायचं. तिथे फक्त स्वतःचं यंत्र ठेवायचं. तुमचा सर्व्हर फक्त पाठवणार असेल, कोणाची पत्रं घेणार नसेल, तर त्याला बाहेरच्या जगाकडे कान द्यायचीच गरज नाही. ‘इनेट इंटरफेसेस’च्या पुढे लूपबॅक लिहिलं की तो फक्त घरातल्यांचं ऐकतो. ही तीन-चार ओळींची गोष्ट आहे. कोणी म्हणेल पूर्वी अवघड होतं, आणि ते खरं आहे. बर्कलीत एरिक ऑलमननं लिहिलेल्या सेंडमेलची सेटिंगची फाइल म्हणजे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी दिसे, आणि मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेलं त्यावरचं प्रसिद्ध पुस्तक हजार पानांच्या पुढे गेलं होतं. पण वित्से वेनेमानं आयबीएममध्ये असताना पोस्टफिक्स बाहेर काढला त्याला १९९८ पासून आता पाव शतक उलटलं. अवघडपणाची ती सबब जुनी झाली.

यापुढची कामं यंत्रावरची कमी आणि ओळखपत्राची जास्त. कागदी पत्रात पाकिटावरचा पाठवणारा आणि आतल्या लेटरहेडवरचं नाव वेगवेगळं असू शकतं. ई-मेलमध्येही तसंच आहे, आणि सगळी फसवणूक त्या फटीतून शिरते. म्हणून डोमेनच्या मालकानं आपल्या डीएनएसमध्ये जाहीर करायचं, की आमच्या नावानं पत्रं टाकायचा हक्क अमुक यंत्रांनाच आहे. हा एसपीएफ. प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीनं सही करायची आणि ती पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची. जुन्या खलित्यावरच्या लाखेच्या मोहरेसारखी, वाटेत मजकुराला हात लागला तर मोहर जुळत नाही. हा डीकिम. आणि दोन्ही जुळलं नाही, किंवा जुळलं पण लेटरहेडवरच्या नावाशी मेळ खात नाही, तर काय करावं हे मालकानंच लिहून ठेवायचं: राहू द्या, बाजूला ठेवा, की परत पाठवा. हा डीमार्क. शिवाय यंत्राच्या आयपीवरून उलट शोध घेतला तर यंत्राचं नाव निघालं पाहिजे. ही नोंद तुमच्या हातात नसते, ज्याच्याकडून यंत्र भाड्यानं घेतलं त्याच्याकडून करून घ्यावी लागते. एकूण अर्धा दिवस. पहिल्यांदाच करत असाल तर दोन दिवस, आणि त्यातला एक डीकिमची लांबलचक किल्ली डीएनएसच्या रकान्यात नीट चिकटवण्यात जातो.

आमच्या पत्रांवर हे सगळं होतं. मोठ्या कंपन्या डीमार्कचा अहवाल पाठवतात, त्यातही आमची पत्रं खरी, सही जुळलेली अशीच नोंद होती. म्हणजे पत्र आमचंच आहे याची त्यांना खात्री होती. त्यांनी ते ओळखलं, घेतलं, पोचपावती दिली, आणि पुरलं.

पुरण्यामागे कारण नसतं असं मी म्हणत नाही. स्पॅम हा काही कंपन्यांनी रचलेला बागुलबुवा नाही. मे १९७८ मध्ये, अर्पानेट अजून संशोधकांपुरतंच होतं तेव्हा, गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्यानं सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा संगणकाची जाहिरात पाठवली, आणि हा रोग सुरू झाला. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिसचा किडा यंत्रांत शिरला त्यातली एक वाट सेंडमेलनं उघडी ठेवलेल्या डीबगच्या खिडकीतून होती. नव्वदच्या दशकात तर जवळजवळ कोणताही मेल सर्व्हर कोणाचंही पत्र कोणाकडेही नेऊन देई. शेजारधर्म होता तो. स्पॅमवाल्यांनी त्या शेजारधर्माची धर्मशाळा करून टाकली, आणि शेवटी १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीनं दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच सुमाराला काळ्या याद्या आल्या. हे सगळं गरजेचं होतं. स्पॅम गाळला नसता तर ई-मेल केव्हाच मेलं असतं.

हा इतिहास आपल्याकडचाही आहे, हे जाता जाता. भारतात ई-मेल आलं ते ऐंशीच्या दशकात, एर्नेटमधून, आणि त्याचं एक मोठं केंद्र होतं जुहूची एनसीएसटी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडे ते शेल अकाउंट. मोडेम किंचाळायचा, मग काळा पडदा, त्यावर अक्षरं, आणि तुम्ही थेट एका युनिक्स यंत्रावर. पत्रं पाइनमध्ये वाचायची. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी चित्रं दिसणाऱ्या इंटरनेटच्या आधी युनिक्स पाहिलं ते असं, नाइलाजानं. तो नाइलाज फार शिकवून गेला. पत्र हे कुठल्यातरी यंत्रावर, कुठल्यातरी फोल्डरात, एका फाइलमध्ये असतं, एवढं साधं ज्ञान आज अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना ते कोणी दाखवलेलंच नाही.

मूळ मुद्द्याकडे येतो. गाळण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध ‘मिळालं’ म्हणून गाळण्याला आहे.

यावरचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे, आणि ते वरवर चांगलं आहे. ते असं: स्पॅमवाल्याला तोंडावर नकार दिला तर तो शिकेल. कशामुळे अडकलो ते कळलं की मजकूर बदलून पुन्हा येईल. म्हणून सगळ्यांना सारखंच २५० द्यायचं आणि आत काय झालं ते सांगायचं नाही. पण स्पॅम हा ज्याचा धंदा आहे तो २५० वर विसंबतच नाही. तो त्याच कंपनीकडे शंभर फुकट खाती उघडतो, आधी तिथे पत्र टाकतो, आणि कोणत्या फोल्डरात पडलं ते स्वतः उघडून पाहतो. त्याला उत्तर मिळतंच. अंधारात राहतो तो ग्रंथालयवाला, सहकारी सोसायटीचा सचिव, एकटीनं नियतकालिक चालवणारी संपादिका. चोराला किल्ली आणि घरमालकाला कुलूप, अशी ही सुरक्षा आहे.

बरं, मग तक्रार कुठे करायची? गूगलनं पाठवणाऱ्यांसाठी पोस्टमास्टर टूल्स नावाची सोय ठेवली आहे. किती जणांनी स्पॅम म्हटलं, हे तिथे दिसतं. दिसतं कोणाला? ज्यांची पत्रं रोज पुरेशा मोठ्या संख्येनं जातात त्यांना. महिन्याला साडेसहाशे पत्रं पाठवणाऱ्यासमोर तिथे कोरा तक्ता येतो. तुम्ही इतके लहान आहात, की तुमच्यावर काय आरोप आहे हेसुद्धा सांगण्याजोगे नाही. शिक्षा मात्र होते.

गंमत म्हणजे याच कंपन्यांनी नियम लिहून काढले तेव्हा मी त्यांच्या बाजूनं उभा होतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं अटी घातल्या. जीमेलच्या पेट्यांत दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं टाकणाऱ्यानं एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही लावायचे, एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनंही तसंच केलं. ओरड झाली, पण मला त्यात काही गैर दिसलं नाही. नियम लिहिलेला होता, सगळ्यांना वाचता येत होता, पाळता येत होता, आणि पाळला नाही तर परत आलेल्या पत्रावर कारण लिहून येत होतं. हीच वागणूक लहानांनाही द्या, एवढंच मागणं आहे. अडचण लिहिलेल्या नियमांची नाहीच. अडचण आहे ती ‘पत’ नावाच्या गोष्टीची, जी कशी मोजतात ते सांगत नाहीत, किती आहे ते दाखवत नाहीत, आणि वाढवायची कशी असं विचारलं तर ‘चांगली पत्रं पाठवत राहा’ म्हणतात.

‘वेडा आहेस का’ म्हणणारे मित्र यावर तोडगा देतात. पत नाही ना? मग भाड्यानं घे. पैसे घेऊन पत्रं पोचवणाऱ्या सेवा आहेत. पोस्टफिक्सच्या फाइलमध्ये ‘रिलेहोस्ट’च्या पुढे त्यांचं नाव टाकलं की तुमचं पत्र त्यांच्या यंत्रावरून, त्यांच्या पतीवर जातं. मोठ्या क्लाउडवाल्यांनीही वाट तिकडेच वळवली आहे. ॲमेझॉनच्या यंत्रांवर पोर्ट २५ बाहेर जाताना मुळात बंदच असतो, सोडवून घ्यायला अर्ज लागतो. गूगलच्या क्लाउडवरही तो अडवलेला असतो. कारण पुन्हा स्पॅम, आणि कारण पुन्हा खरं. पण परिणाम पाहा. पत्रं घेणाऱ्या मोजक्या, पोचवणाऱ्या मोजक्या, आणि त्यांचं आपसांत जमतं. मधला रस्ता सार्वजनिक आहे असं कागदावर अजून लिहिलेलं आहे.

अडलेल्यानं अशी सेवा घ्यावी. मी कोणाला सोवळं पाळायला सांगत नाही. दुकानाची बिलं वेळेवर जायला हवीत. पण ‘घे’ हा सल्ला आणि ‘दुसरं काही करणं मूर्खपणाचं आहे’ हा सल्ला, यांत फरक आहे. दुसऱ्या सल्ल्यानं ज्ञान मरतं. ज्यानं कधी लॉग उघडला नाही त्याला २५० दिसत नाही, आणि ज्याला २५० दिसलं नाही त्याला आपण फसवले गेलो हेही कळत नाही. तो म्हणतो, ‘ई-मेल हल्ली पोचतच नाही रे.’ हवामानाबद्दल बोलावं तसं. मग व्हॉट्सॅपवर ग्रुप काढतो. त्यावर माझं एकच म्हणणं: व्हॉट्सॅपवर कोण कोणाशी बोलणार हे एक कंपनी ठरवते आणि तिथे दुसरा सर्व्हर लावायची सोय तुम्हाला नाही. ई-मेलमध्ये ती सोय नियमातच आहे. ती वापरणारं कोणी उरलं नाही तर नियमाचा उपयोग काय?

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज केव्हा निघाला आणि केव्हा पोचला हे ठरवतं. वेगळा करार नसेल तर ढोबळपणे असं: पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की निघाला, समोरच्यानं नेमून दिलेल्या संगणकात शिरला की पोचला. वाचला की पोचला, असं नाही. शिरला की पोचला. संगणकात शिरल्यावर तो कोणत्या फोल्डरात बसला याचा उल्लेख तिथे नाही. माझ्या समजुतीनं याचा अर्थ असा होतो, की बँकेची नोटीस, सोसायटीच्या सभेची सूचना, नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं, सगळं लॉटरीच्या जाहिरातीखाली पुरलेलं असतानाही तुम्हाला ‘मिळालेलं’ असू शकतं. आमच्या शिक्षिकाबाईंना सूचना मिळाली होती. कागदोपत्री मी जिंकलो. खोलीतली लहान मुलांची टेबलं तेव्हा व्हरांड्यात रचलेली होती.

एवढं कंपन्यांना बोलल्यावर आपल्या घरातलंही बोलायला हवं. मराठीतल्या किती नियतकालिकांच्या, संस्थांच्या, शाळांच्या लेटरहेडवर स्वतःच्या डोमेनचा पत्ता आहे? वेबसाइटला वर्षाचे पैसे भरून घेतलेलं नाव असतं आणि खाली संपर्कासाठी फुकट खात्याचा पत्ता, तोही पूर्वीच्या सचिवांच्या जन्मसालासकट. सचिव बदलले की पासवर्ड जातो, पासवर्ड गेला की पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार जातो. स्वतःच्या नावाचा पत्ता असेल तर आज पेटी एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे, परवा स्वतःच्या यंत्रावर नेता येते; डीएनएसमधली एक नोंद बदलायची, पत्ता तोच राहतो. सर्व्हर चालवायचा नसेल तरी एवढं कराच.

आणि जे सर्व्हर चालवतात, वेब ॲप बनवून कुठेतरी चढवतात, त्या तरुण मित्रांना एक विचारतो: रूटची पत्रं वाचता का? युनिक्सच्या यंत्राला पत्र लिहायची सवय फार जुनी. क्रॉन नावाचा गडी ठरल्या वेळी ठरलेली कामं करतो, आणि एखादं काम काही बोललं, कुरकुरलं, तर ते शब्द पत्रात घालून मालकाला पाठवतो. मालक म्हणजे बहुधा रूट. एटसीमधल्या एलिअसेस या फाइलमध्ये रूटच्या पुढे आपला खरा पत्ता लिहायचा आणि ‘न्यूएलिअसेस’ चालवायचं, की ही पत्रं तुमच्या फोनवर येतात. एका ओळीचं काम. एका ओळखीच्या संस्थेच्या यंत्रावर रूटच्या पेटीत मला ४१२ पत्रं सापडली होती. रोज रात्री बॅकअप फसत होता आणि यंत्र रोज रात्री ते लिहून कळवत होतं, वर्षाहून जास्त. बाहेर जाणारी पत्रं नीट लावणं म्हणजे आधी यंत्राला तुमच्याशी बोलू देणं. माणसांची पत्रं त्याच वाटेनं जातात.

आता नेमकं काय हवं ते सांगतो, नाहीतर ‘नुसतीच तक्रार’ असं होतं. पत्र नको असेल तर ५५० म्हणा आणि परत पाठवा. आम्ही दुसऱ्या वाटेनं कळवू. फोन करू, घरी जाऊ. घ्यायचं असेल पण शंका असेल, तर तसं सांगा. २५० च्या पुढे मजकूर लिहायला जागा असतेच, सध्या तिथे आकड्यांची आणि अक्षरांची एक निरर्थक माळ असते. तिथे ‘संशयितांत ठेवलं’ एवढं लिहायला नवा नियम लागत नाही, नवं तंत्र लागत नाही. शंका आहे की नाही हा हिशेब ठिपका पडल्यावर, उत्तर देण्याआधी करता येतो. खात्रीनं फसवी असलेली पत्रं गुपचूप टाकून देण्याची मुभा २००८ च्या नियमांतही सावधपणे दिली आहे, ती राहू द्या. पण सहीनिशी, ओळख पटवून आलेल्या, ज्या माणसानं स्वतः नाव नोंदवलं त्याच माणसाला लिहिलेल्या पत्राला ती लावू नका. आणि लहान पाठवणाऱ्यालाही त्याच्या पत्रांचं काय झालं हे पाहायची सोय द्या, कोरा तक्ता नको. यासाठी कायदा हवा असेल तर कायदा करा. कलम १३ मध्ये ‘शिरला’ या शब्दाच्या पुढे एक ओळ वाढवायला संसदेला फार त्रास पडू नये.

आमच्या ग्रंथालयात सध्या दर शनिवारी बारावीतल्या दोघीजणी सर्व्हर शिकायला येतात. पहिल्या शनिवारी मी त्यांना काहीच बसवायला दिलं नाही, लॉग वाचायला दिला. सेंट, डिफर्ड, बाउन्स्ड या तीन शब्दांवर दीड तास गेला. यंदाच्या सूचना त्याच पाठवणार आहेत, आमच्याच यंत्रावरून. लॉगमध्ये ज्यांच्यापुढे २५० येईल त्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी फोन करायचा असं ठरलं आहे, आणि ज्यांना सापडलं नाही त्यांच्याकडे आमचा शिपाई छापील सूचना आणि सहीची वही घेऊन जाईल. बाईंचं घर यादीत पहिलं आहे.